जांभा, माती आणि माणगा: जर्मन भागीदारांसोबतच्या बांधकामाच्या नोंदी

18 ऑक्टोबर

जागा कुडाळ तालुक्यात. एकमजली इमारत, 96 चौरस मीटर, म्हणजे हजारावर थोडे चौरस फूट. वाचनालय, प्रशिक्षणाची एक खोली, मागे पडवी. जोतं जांभ्याचं, भिंती मातीच्या, छप्पर माणगा जातीच्या बांबूचं आणि मंगलोरी कौलांचं. नकाशे जर्मनीतल्या एका वास्तुकार कार्यालयाचे, काम इथल्या मिस्त्री-गवंड्यांचं, पैसे दोन्हीकडचे. मृगाच्या आधी कौलं चढली पाहिजेत. असं संयुक्त काम पुढे जे कोणी घेतील त्यांच्यासाठी या नोंदी.

पैशांची वाट आधी लावून घ्या. परदेशी निधी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येतो, तोही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. भागीदारांनी एका संस्थेला रक्कम द्यायची आणि तिने ती तीन संस्थांत वाटायची असं गृहीत धरलं होतं. ते बदलून सगळी खरेदी आणि मजुरी एकाच संस्थेच्या नावावर आणायला पाच आठवडे लागले. वेळापत्रकात हे पाच आठवडे कुठेच नव्हते.

2 नोव्हेंबर

भूमिपूजन आणि गाऱ्हाणं, म्हणजे ग्रामदेवतेला घालायचं साकडं. भागीदारांच्या वेळापत्रकात 'समारंभ, अर्धा तास' आणि लगेच पुढे 'खोदाई सुरू' असं होतं. प्रत्यक्षात मानकरी येईपर्यंत अकरा वाजले, गाऱ्हाणं झालं, नारळ झाला, जेवण झालं. त्या दिवशी फावडं लागलं नाही. लागायलाही नको होतं. गावऱ्हाटीपुढे, म्हणजे गावच्या देव-मानकऱ्यांच्या व्यवस्थेपुढे, काम मांडल्याशिवाय इथला एकही गडी मनापासून कामाला येत नाही, आणि पुढे पाण्याचा, वाटेचा, झाडाचा प्रश्न आला की हेच लोक उभे राहतात. वेळापत्रकात पूर्ण दिवस धरा.

त्याच बैठकीत सुट्ट्यांचा तक्ता केला. इकडे अमावास्या, गावची जत्रा, शिमगा. तिकडे नाताळ ते 6 जानेवारी आणि ईस्टर. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख त्यांनी विचारली. ती पंचांगावरून ठरत नाही, देवीच्या कौलाने ठरते आणि मग जाहीर होते, हे पटवायला वेळ लागला. शेवटी तक्त्यात 'तारीख ठरायची, दोन दिवस' असं लिहिलं आणि त्या दोन दिवसांवर कुठलंही महत्त्वाचं काम टांगायचं नाही असं ठरलं.

21 नोव्हेंबर

जोत्याचं पहिलं नुकसान. 11 रनिंग फूट जांभा उतरवला.

कारण स्वल्पविराम. जर्मनीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात. चुन्याच्या मालाचं प्रमाण नकाशावर '1 : 2,5' असं होतं, म्हणजे एक भाग चुना, अडीच भाग वाळू. जागेवर सुरखीचा, म्हणजे विटांच्या भुकटीचा, ढीग होता, म्हणून मुकादमाने ते 1 : 2 : 5 असं वाचलं: चुना एक, सुरखी दोन, वाळू पाच. माल कालवताना कोणालाच शंका आली नाही. सातव्या दिवशी सांध्यात खिळा ओढला तर वाळू भुरभुरत खाली आली. चिरे वाचले, माल आणि दोन दिवसांची मजुरी मिळून 6,400 रुपये गेले.

त्याच आठवड्यात मापांचाही घोळ. त्यांच्या नकाशांत एक मीटरच्या आतलं माप सेंटिमीटरमध्ये आणि वरचं मीटरमध्ये असतं. अर्धा सेंटिमीटर असेल तर 5 हा आकडा डोक्यावर बारीक लिहितात. आपल्या झेरॉक्सवर तो बारीक 5 उडतो. आमचा मिस्त्री फूट, इंच आणि सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3 मिलिमीटर. आणि जांभा सेंटिमीटरचं ऐकत नाही. आमच्या खाणीचा चिरा 14 × 9 × 7 इंच, त्यात अर्धा इंच इकडेतिकडे. नकाशातलं 24 सेंटिमीटरचं जोतं त्यात बसतच नव्हतं.

उपाय: प्रत्येक भिंतीचं वेगळं पान काढलं. दशांशाला टिंब, सगळी मापं पूर्ण मिलिमीटरमध्ये, त्याखाली फूट-इंच-सूत. प्रमाण आकड्यांत लिहायचं बंद, घमेल्यांची चित्रं काढायची. जोत्याची रुंदी चिऱ्यावरून पुन्हा ठरवली. वाळू-खडीच्या मागणीसमोर ब्रास आणि घनमीटर दोन्ही लिहायचं: 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

30 नोव्हेंबर

सिमेंट घालायचं की नाही, यावर दोन आठवडे गेले. वाद तत्त्वाचा होता, म्हणून नीट लिहितो.

भागीदारांना मातीत सिमेंट अजिबात नको होतं. त्यांचं म्हणणं असं: सिमेंट न घातलेली भिंत पाडली की पुन्हा माती होते, भिजवून परत वापरता येते. सिमेंट घातलं की तो राडारोडा. त्यांच्याकडे मातीच्या विटांसाठी डीआयएन 18945 हे जर्मन मानक आहे आणि ते बिनसिमेंटच्या विटांचंच आहे. ऑस्ट्रियात श्लिन्स इथे मार्टिन राउख यांनी स्वतःचं घर ठोकलेल्या मातीचं बांधलं. त्यात थोडी माती झिजणार हे धरूनच भिंतीत आडव्या पट्ट्या बसवल्या आहेत, म्हणजे पाण्याचा वेग तिथे मोडतो. बांगलादेशातल्या रुद्रापूरची शाळाही त्यांनी पुढे ठेवली. 2007 चा आगा खान पुरस्कार मिळालेली ती इमारत विटांच्या पायावर, पेंढा घातलेल्या मातीत, रुंद छपराखाली उभी आहे. त्यांची तळमळ खरी होती.

आमचं म्हणणं पावसाचं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि नैर्ऋत्येचा वारा तो आडवा मारतो. शिवाय चार महिने भिंत सुकतच नाही, आणि जमिनीत वाळवी आहे. आपल्याकडे स्थिरीकृत मातीच्या ठोकळ्यांसाठी आयएस 1725 हे भारतीय मानक आहे, आणि ऑरोविलच्या प्रयोगांतून आलेलं 5 टक्के सिमेंटचं प्रमाण दक्षिणेत सर्रास वापरलं जातं.

ई-मेलवर हे मिटेना. मग दोन नमुने केले. तीन फूट लांब, तीन फूट उंच: एक ठोकलेल्या नुसत्या मातीचा, एक 5 टक्के सिमेंटच्या ठोकळ्यांचा. ठोकळा रात्रभर बादलीत ठेवून दाखवला तेव्हा त्यांनी भिंत बादलीत नसते असं उत्तर दिलं, आणि ते बरोबर होतं. म्हणून दोन्ही भिंतींवर चार फुटांवरून पाइपने तासभर तिरकं पाणी मारलं, तेही दोन्ही बाजूंची माणसं समोर असताना. नुसत्या मातीच्या भिंतीचा कोपरा 18 मिलिमीटर आत गेला. ठोकळ्यांवर बारीक खळगे पडले, कडा शाबूत.

ठरलं असं: बाहेरच्या भिंती 5 टक्के सिमेंटच्या. आतल्या दोन आडभिंती बिनसिमेंटच्या, मातीच्याच मालात, म्हणजे पुढे खोल्या बदलल्या तर तीच माती परत वापरता येईल. जोतं अडीच फूट, पागोळ्यांचा रुंदावा चार फूट. यापुढे कुठलाही वाद पानभर लिहायचा नाही, नमुना करून त्याच्यासमोर उभं राहून बोलायचं, हेही त्याच दिवशी ठरलं.

6 डिसेंबर

ठोकळे सुरू. ऑराम 3000 हे हाताने दाबायचं यंत्र, ठोकळा 24 × 24 × 9 सेंटिमीटर, वजन दहा किलोच्या आसपास. बाहेरच्या भिंतींना 3,400 नग, आत 600.

बरणीत माती ढवळून ठेवली तर चिकणमाती जास्त निघाली, तीसेक टक्के. म्हणून 6 घमेली चाळलेली माती आणि 2 घमेली वाळू. हे साधारण 160 किलो, त्याला 8 किलो सिमेंट. एका घाण्यात 15-16 ठोकळे. 50 किलोच्या पोत्याला शंभर ठोकळे हा हिशेब पुढे बरोबर निघाला.

ओल किती, यावर पुन्हा दोन पद्धती. भागीदारांना माती तव्यावर सुकवून वजन करायचं होतं. माल कालवणाऱ्या बायका मुठीत लाडू वळतात आणि कमरेच्या उंचीवरून सोडतात: चार-पाच तुकडे झाले तर ठीक, चपटा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. तीन दिवस दोन्ही केलं. बायकांनी ठीक म्हटलेल्या प्रत्येक घाण्याची ओल तव्यावर 10 ते 12 टक्क्यांच्या मध्ये आली. तेव्हापासून तवा फक्त सोमवारी, आणि घाणा पास करायचा अधिकार त्या बायकांचा. वहीत त्यांची सही.

15 डिसेंबर

मजुरी. ठरलेले दर पुरुषाला 700, बाईला 450. एकाच यंत्रावर, एकाच कामाला. भागीदारांनी हे मान्य करणार नाही असं स्पष्ट सांगितलं. मुकादमाने तालुक्यातला दर तोच आहे, एकट्या या कामावर बदलला तर बाहेर त्रास होईल, असं सांगितलं. दोघांचंही ऐकावं लागतं.

मार्ग नगावर निघाला: ठोकळ्याला 8 रुपये, सात जणांत समान वाटणी. 600 ठोकळे झाले तर प्रत्येकाला 685 रुपये. पुरुषांना फार तोटा नाही, बायकांचं काम पहिल्यांदाच पूर्ण दामाचं झालं. पण पहिल्याच आठवड्यात 140 ठोकळे बाद. घाईत साचा कमी भरला जात होता, ठोकळा 9 ऐवजी साडेआठ सेंटिमीटर येत होता. लोखंडी पट्टीचा गेज केला. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो नग मोजायचा नाही, ओला असतानाच मोडून पुन्हा घाण्यात. दुसऱ्या आठवड्यात बाद नग 11.

ठोकळे दोन दिवस प्लास्टिकखाली, मग गोणपाट टाकून 28 दिवस पाणी. रविवारी पाणी कोण मारणार हे कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं. त्यासाठी वेगळा माणूस ठेवा.

22 डिसेंबर

आजपासून 6 जानेवारीपर्यंत तिकडून उत्तर नाही. लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या तुळयांच्या, सळ्यांचा तक्ता मंजुरीला अडकला. हे आधी माहीत होतं, तरी पाठवायला 20 तारीख उजाडली. चूक आमची.

9 जानेवारी

बांबू. माणगा, तीन वर्षांवरचा, जवळजवळ भरीव. गावात तो पावसाळा सरल्यावर आणि काळोख्या पंधरवड्यातच तोडतात. भागीदारांना पंधरवड्याची गोष्ट पटली नाही. आयोडीनचे दोन थेंब कापलेल्या तोंडावर टाकले की पिष्ट जास्त असेल तर डाग काळानिळा होतो, आणि किडा येतो तो पिष्टासाठी. ऑक्टोबरातला आणि डिसेंबरातला तुकडा शेजारी ठेवला तर डिसेंबरातला डाग बराच फिका. ऋतूचा फरक दिसला. पंधरवड्याचा या चाचणीत सुटा करता आला नाही. तोड काळोख्या पंधरवड्यातच झाली, त्याने कुणाचं काही अडत नव्हतं.

खरा पेच औषधाचा. आपल्याकडे बांबूला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड ही रोजची गोष्ट. युरोपात बोरिक ॲसिड 2010 पासून अतिचिंतेच्या रसायनांच्या यादीत आहे, प्रजननाला घातक म्हणून. त्यांचं कार्यालय त्यावर सही करेना. इकडे औषध न मारलेल्या छपराखाली मुलं बसवायला आम्ही तयार नव्हतो. दोन्ही बाजूंना काळजी माणसांचीच होती.

ठरलेली पद्धत: औषध फक्त छपराच्या बांबूला, कारण पावसात बोरॉन धुऊन जातं, कौलांखाली पाऊस लागत नाही, आणि मुलांचा हात तिथे पोचत नाही. हाताला लागणारं सगळं, कठडे आणि खिडक्या, फणसाच्या लाकडाचं. टाकी 20 × 4 × 3 फूट, पाणी 5,000 लिटर, त्यात 150 किलो बोरॅक्स, 100 किलो बोरिक ॲसिड, म्हणजे 5 टक्के. खर्च 24,750 रुपये. पेरांचे पडदे लांब सळईने आरपार फोडायचे, नाहीतर औषध आत जात नाही. दहा दिवस बुडवून, मग सावलीत उभा करून पाच आठवडे. रबरी हातमोजे, टाकीला झाकण. उरलेलं द्रावण ओढ्यात सोडायचं नाही. ते पिंपांत भरून गावातल्या दुसऱ्या बांबूकामाला दिलं, पावतीसकट.

12 फेब्रुवारी

मिस्त्री दोन दिवस आले नाहीत. निरोप: ताप आहे.

आदल्या दिवशी भागीदारांच्या इंजिनिअरने नऊ माणसांसमोर सांगितलं होतं की पश्चिमेचा कोपरा ओळंब्यात नाही, उतरवा. कोपरा खरोखर चार सूत बाहेर होता. त्यांच्याकडे चूक दिसली की तिथेच बोलतात, त्यात माणसाचा अपमान नसतो. इकडे अठ्ठावन्न वर्षांच्या मिस्त्रीला त्याच्या पोरांसमोर असं बोललं की त्याची जागाच जाते. त्यात दोन स्वयंसेवक मिस्त्रींना नुसत्या नावाने हाक मारत होते.

आणि दुसरी बाजूही लिहायला हवी. तिकडच्यांचा विश्वास आधीच हलला होता, कारण जानेवारीत एका खांबातली पोकळी आमच्या माणसांनी न सांगता बुजवली होती. इथे चूक गुपचूप सुधारणं म्हणजे समोरच्याला त्रास न देणं. त्यांच्या दृष्टीने ती लपवाछपवी. छपराचं वजन घेणाऱ्या खांबाच्या बाबतीत त्यांचंच बरोबर आहे.

आता पद्धत अशी: दिसलेल्या चुकीवर लाल खडूचा ठिपका, कुणाचं नाव नाही. संध्याकाळी सहाला चहाच्या वेळी इंजिनिअर आणि मिस्त्री दोघंच ठिपके बघत फिरतात. गवंड्याने स्वतः ठिपका मारला तर त्या दुरुस्तीची मजुरी कापायची नाही. दुसऱ्या आठवड्यात 14 ठिपक्यांपैकी 9 गवंड्यांनीच मारलेले. हाक 'काका' आणि 'दादा'. इंजिनिअरने घरी जाऊन मिस्त्रींची विचारपूस केली, कोपऱ्याचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी येऊन कोपरा स्वतः उतरवला.

यालाच जोडून, 'होतला'. शुक्रवारपर्यंत होईल का असं विचारलं की उत्तर 'होतला'. त्याचा अर्थ काम होणार एवढाच, शुक्रवारी होणार असा नाही. भागीदार ते वचन म्हणून लिहून घ्यायचे. आता 'होईल का' हा प्रश्नच नाही. 'यासाठी काय काय लागेल, आणि त्यातलं आज जागेवर काय नाही?' असं विचारायचं. मग खरी माहिती येते: रेती आलेली नाही, एक गवंडी लग्नाला जाणार आहे.

1 एप्रिल

शिमगा आणि ईस्टर मिळून बारा दिवस गेले. वर रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे गेली. साडेतीनची बैठक आता अडीचला. आज भागीदार तासभर वाट बघून उठले. मार्चअखेरचा आणि ऑक्टोबरअखेरचा रविवार भिंतीवर लिहून ठेवा.

8 एप्रिल

कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, जोडायला घेतल्या आणि नट बसेनात. दांडे 12 मिलिमीटरचे, मुंबईहून आणलेले, आटे मेट्रिक. नट दुकानातून 'चार सुती' म्हणून आणलेले, म्हणजे अर्धा इंची आट्यांचे. दिसायला सारखे. 200 नट, 1,800 रुपये आणि एक दिवस. दांडा घेऊनच दुकानात जा, तिथेच फिरवून बघा.

छपराच्या नकाशात आतल्या बाजूने बाष्परोधक पन्नी होती. त्यांच्या थंडीत घरातली ओल बाहेर जाताना गारठून पाणी होते, म्हणून ती लागते. इथे हीटर नाही, थंडी नाही; पन्नीखाली बांबू कुजेल. काढली. कण्यावर वारा जायला फट ठेवली. यावर वाद झाला नाही.

29 एप्रिल

गिलावा. त्यांची कृती: माती, वाळू आणि बारीक कापलेला पेंढा. इथे एप्रिलमध्ये पेंढा म्हणजे गुरांचं पोट. कोणी विकायला तयार नव्हतं, आणि दामदुप्पट देऊन घेणं बरं दिसलं नसतं. मार्चमध्ये पेंढ्याचा एक नमुना करून भिंतीला टेकवून ठेवला होता. पाच आठवड्यांनी उचलला तर मागून वाळवीने पेंढ्याच्या जागी बारीक बोगदे केले होते. गिरणीतलं भाताचं तूस घेतलं, 2 घमेली माती, 3 वाळू, 1 तूस, आणि शेण. शेजारच्याच तुसाच्या नमुन्याला वाळवी शिवली नव्हती. भेगाही कमी.

शेण, तूस, गोणपाट यांना बिल मिळत नाही आणि भागीदारांच्या हिशेबनीसाला प्रत्येक वस्तूचं बिल हवं. छापील व्हाउचर, देणाऱ्याची सही, वजन आणि फोटो यावर समेट झाला. हा व्हाउचरचा नमुना पहिल्या दिवसापासून ठेवला असता तर फेब्रुवारीतल्या 31 नोंदी पुन्हा कराव्या लागल्या नसत्या.

19 मे

कौलं चढली. वळवाच्या दोन सरी झाल्या. पूर्वेच्या पागोळीला तीन कौलं सरकली, तारेने बांधली.

11 जून

मृग लागला, कालपासून संततधार. पश्चिमेच्या भिंतीवर शिंतोडे जोत्याच्या दीड फुटापर्यंत, वरचा एक फूट जांभा कोरडा. ठोकळ्यांवर वाऱ्याने आलेला ओलावा खिडकीच्या उजव्या खांद्याला हाताएवढा. तिथे पागोळी तीन इंच कमी पडली आहे, कारण टोकाचा माणगा वाकडा होता. लाल ठिपका मिस्त्रींनीच मारला. फोटो पाठवले, तिकडून दहा मिनिटांत उत्तर आलं: मोजमाप दर रविवारी, त्याच जागी, त्याच पट्टीने.

बाकी कामं: पागोळीला फळी, पडवीचा चर, आतल्या आडभिंतींच्या तळाला हात लावून ओल बघणं. पुढची मोजणी 16 तारखेला.